भोंगा कोणाला ऐकू यायचा?

पत्र : काका, नमस्कार. मी नागपूरची, वय २६. माझे आजोबा इथल्या एका कापड मिलमध्ये ३४ वर्षं होते. (माझं नाव छापू नका, मोठे बाबा, म्हणजे माझे मोठे काका, रागावतील.) मिल, तिथली माणसं आणि ती बंद पडल्यावर आमच्या मोहल्ल्याचं काय झालं, यावर अर्ध्या तासाचं रेडिओ रूपक करायचं आहे. आजोबा आणि त्यांचे पाच जुने सोबती यांचं मिळून १४ तासांचं रेकॉर्डिंग झालंय. संहिताही लिहिली. मैत्रिणीला वाचून दाखवली तर ती म्हणाली, ‘एमपीएससीच्या नोट्स वाटतात.’

तीन अडचणी आहेत. १४ तासांतून २८ मिनिटं कशी काढायची? दुसरं, आजोबा छातीठोकपणे सांगतात की मिल इंदिरा गांधी गेल्या त्या साली बंद झाली. कागद सांगतात की त्यानंतरही ती बरीच वर्षं चालू होती. हे दुरुस्त करायचं का? तिसरं, मिल बंद झाल्यावर घरात दारू आली, आजीचे दागिने गेले, हे आजोबांनी आपणहून सांगितलं. मोठे बाबा म्हणतात, ते काढून टाक. बाकी आवाज बरा आलाय. आजी मध्येमध्ये स्वयंपाकघरातून बोलते, तेवढं मी कापून टाकलंय.
— मिलवाल्यांची नात

उत्तर : पोरी, तू काका म्हटलंस, तर मीही अहो-जाहो बाजूला ठेवतो. तुझी संहिता वाचली आणि सोबतचे तीन तुकडे ऐकले. प्रश्नांकडे येतोच. पण तुझं पत्र मी शेवटच्या ओळीपासून धरणार आहे.

आजी बोलली ते तू कापलंस. नशीब माझं, की तुकडे पाठवताना तुझ्याकडून न कापलेली फाइल गेली. तिसऱ्या तुकड्यात आजोबा पहाटेच्या भोंग्याबद्दल सांगताहेत. पहिला भोंगा झाला की मी ताडकन उठायचो, वगैरे. आणि मागून, भांड्यांच्या खणखणाटातून, आजी : ‘त्याईले कायचा आयकू येते! ते तं झोपून राहत. भोंगा मले आयकू ये. मलेच उठा लागे, चूल पेटवा लागे, मंग त्याईले हलवा लागे.’ आजोबा गप्प. मग खाकरतात. मग हसतात.

हे मी सात वेळा ऐकलं. तुझं रूपक इथे आहे. मिलच्या भोंग्यावर मिल तर चालायचीच, पण ज्या बाईने मिलचं फाटक आतून कधी पाहिलं नसेल तिची चूलही त्याच भोंग्यावर पेटायची. सहा पुरुष १४ तास बोलले आणि त्यातल्या एकालाही हे सांगावंसं वाटलं नाही. तुला दोष देत नाही. आम्ही रेडिओवाले स्पूलच्या टेपवर काम करायचो तेव्हा ब्लेडने टेप कापायची, चिकटवायची आणि कापलेल्या पट्ट्या गळ्यात अडकवून ठेवायच्या. दिवसभर गळ्यात टेपच्या माळा घेऊन फिरायचो. कारण फेकलेलंच संध्याकाळी हमखास लागायचं. तुझ्या कॉम्प्युटरला गळा नाही एवढंच.

आता संहिता. ती सुरू होते १ जानेवारी १८७७ पासून. एम्प्रेस मिल सुरू झाली तो दिवस, दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तोही तोच दिवस, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. पुढे जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर का धरलं त्याची कारणं येतात : कापूस इथलाच, वरोऱ्याचा कोळसा हाताशी, रेल्वे १८६७ सालीच पोचलेली. मग ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ हे पूर्ण नाव, जे घेता घेता निवेदकाचा श्वास संपतो. मग रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायच्या चात्यांचा एक प्रकार. एकही शब्द चुकीचा नाही. सव्वाचार मिनिटं झाली आणि अजून एकाही माणसाचा आवाज आलेला नाही.

तुझी मैत्रीण बरोबर बोलली. वाचणाऱ्याला काही निसटलं तर तो मागची ओळ पुन्हा बघतो. ऐकणारी बाई एकीकडे भाजी चिरतेय, तिला मागे जाता येत नाही. पाच मिनिटांत एकापेक्षा जास्त सन कानात राहत नाही, असा माझा अनुभव आहे. कंपनीचं ते लांबलचक नाव तर कोणाच्याच कानात राहणार नाही.

म्हणून १८७७ फेकून दे असं म्हणत नाही. त्याची जागा बदल. दुसऱ्या तुकड्यात आजोबा सांगतात की त्यांचे वडील घरीच हातमागावर लुगडी विणायचे, सूत मात्र मिलचं घ्यायचे. आणि पुढे स्वतःच्या पोराला त्याच मिलच्या दारात नेऊन उभं केलं. इथे ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप प्रश्न येतो : ही मिल आली कुठून? कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, गावात हिची गरज कोणाला पडली होती? तो प्रश्न पडल्यावर तुझं १८७७ येऊ दे. तीन वाक्यांत, तुझ्याच आवाजात. तेव्हा लोक ते तहानेने ऐकतील. मिलने कोष्ट्याला सूत दिलं आणि त्याच्या कापडाचं गिऱ्हाईकही नेलं, हा खरा पेच आहे. तो तुझ्या पणजोबांच्या मागापाशी बसून सांगायचा आहे.

आणखी एक. ‘गिरणी कामगार’ म्हटलं की मराठी श्रोत्याच्या डोक्यात लालबाग-परळ आणि १९८२ चा संप उभा राहतो. आपलं नागपूरचं सूत वेगळं आहे, ते पहिल्या दोन मिनिटांत कळू दे. त्यासाठी भाषण लागत नाही. आजोबांची बोली पुरेशी आहे. तू निवेदनात त्यांचं बोलणं पुन्हा ‘शुद्ध’ करून सांगतेस, ते थांबव. ते म्हणतात ‘मी जाऊन राह्यलो होतो’, मागून तू म्हणतेस ‘ते जात होते’. कशाला? पुण्याच्या माणसालाही ‘मले’ आणि ‘तुले’ कळतं. नाही कळलं तर दोन मिनिटांत सवय होते.

१९५८ साली बीबीसीमध्ये निर्माता चार्ल्स पार्कर आणि गायक इवन मॅकॉल व पेगी सीगर यांनी जॉन ॲक्सन नावाच्या इंजिनड्रायव्हरवर कार्यक्रम केला. ब्रेक निकामी झालेली गाडी त्याने सोडली नाही आणि त्यात तो गेला, ही गोष्ट. तोवरची रीत अशी की माणसांकडून माहिती घ्यायची, संहिता लिहायची आणि नटांकडून बोलून घ्यायची. पण रेल्वेच्या माणसांच्या टेप ऐकल्यावर त्यांना कळलं की हे बोलणं कोणत्याही नटाला जमणार नाही. त्यांनी मूळ आवाजच ठेवले, निवेदक काढून टाकला आणि जोडकाम गाण्यांवर सोपवलं. १९६४ पर्यंत असे आठ कार्यक्रम झाले. तू निवेदन अगदी काढू नकोस, तुला गाणी लिहायची नाहीत. पण २८ मिनिटांत तुझा स्वतःचा आवाज पाच मिनिटांहून जास्त नको. मिनिटाला सव्वाशे शब्द धर, म्हणजे सगळं मिळून सहाशे-सव्वासहाशे शब्द. आत्ता १,९०० आहेत.

१४ तासांचं कसं करायचं? कंटाळवाणं काम आहे, आणि त्याला दुसरी वाट नाही. हेडफोन लावून सगळं ऐक, वहीत लिही : कितव्या मिनिटाला, कोण, काय, त्यांच्याच शब्दांत. ‘मिलमधील वातावरणाबद्दल’ असं लिहू नकोस, ‘कापसाची भुकी भुवईवर बसे’ असं लिही. ज्या जागी तुझं अंग शहारलं किंवा हसू आलं तिथे लाल खूण कर. आठवडा जाईल. मग लाल खुणांच्या चिठ्ठ्या कापून जमिनीवर मांड आणि पंखा बंद ठेव. माणसांप्रमाणे गठ्ठे लावू नकोस, नाहीतर सहा जणांच्या सहा मुलाखती एकामागोमाग येतील. मी असतो तर एका दिवसाप्रमाणे लावलं असतं : पहाटेचा भोंगा, रस्ता, फाटक, खातं, जेवणाची सुट्टी, पगाराचा दिवस, आणि मग भोंगा वाजला नाही तो दिवस. ३४ वर्षं एका दिवसात बसतात. रोज तेच तर चालायचं.

लाल खुणा कमी निघाल्या तर प्रश्नांत खोट आहे असं समज. तुझे काही प्रश्न टेपवर ऐकू येतात. ‘मिल बंद झाली तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ यावर माणूस टीव्हीवर ऐकलेलं बोलतो : खूप वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. त्याऐवजी विचार, त्या दिवशी डबा उघडला का? कुठे बसून खाल्ला? सायकल कोणत्या रस्त्याने परत आणली? आजोबांना आणि सोबत्यांना समोरासमोर बसवून विचार, साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, एवढ्या आवाजात एकमेकांशी बोलायचे कसे. ते खुणा करायला लागतील, ओठ हलवतील, आणि रेडिओवर खूण दिसत नाही म्हणून तुझी पंचाईत होईल. तेव्हा दुसऱ्याला विचार, ‘हे आत्ता काय म्हणाले?’ तो सांगेल आणि दोघं भांडतील. ते ठेव.

भोंग्याचा आवाज तू इंटरनेटवरून उतरवून घातला आहेस. तो काढ. तो युद्धातल्या धोक्याच्या इशाऱ्याचा आहे, मिलच्या जुन्या माणसाला पहिल्या सेकंदात कळेल आणि मग तो तुझ्या कोणत्याच गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही. खरा भोंगा आता मिळायचा नाही. मग सहाही जणांना म्हण, तोंडाने वाजवून दाखवा. कोणी लांब ओढेल, कोणी दोन टप्प्यांत, कोणाचा दम सुटेल आणि खोकला येईल. सगळे एकापाठोपाठ एक जोड. आजीलाही सांग.

बाकीचे आवाज शहरातून गोळा कर, पण शोभेसाठी नको. मारबतीचा, म्हणजे इथल्या त्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा, आवाज मी प्रत्येक नवशिक्याच्या रूपकात ऐकलाय. तान्ह्या पोळ्याला रेकॉर्डर घेऊन इतवारीत गेलं की ‘घेऊन जा गे मारबत’ फुकटात मिळतं, आणि मग ते कुठेही चिकटवलं जातं. तुझ्या सोबत्यांपैकी कोणी कधी बडग्या, म्हणजे टीकेचा पुतळा, बांधला असेल, मालकाचा नाहीतर महागाईचा, तरच ते घे. विचारून बघ मात्र. काळ्या-पिवळ्या मारबतींची ही मिरवणूक १८८० च्या दशकापासूनची, म्हणजे आपल्या मिलच्याच वयाची. त्या मिरवणुकीत मिलची माणसं नसतील असं मला वाटत नाही.

तांत्रिक एकच गोष्ट सांगतो, कारण तीच तू चुकली आहेस : कूलर. पहिल्या तुकड्यात आजोबा बोलताहेत आणि मागे घरघर, ठिबक-ठिबक. मला कळतं, नागपूरचा मे आहे, ८० च्या पुढच्या माणसाला कूलर बंद करून बसवायचं म्हणजे पाप. मग पहाटे साडेपाचला जा. तेव्हा मोहल्लाही गप्प असतो आणि म्हाताऱ्या माणसांचं बोलणंही त्या वेळी ताजं असतं. माइक तोंडापासून एक वीत, जरा बाजूला. निघताना सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट घे. कापलेल्या जागा बुजवायला तीच लागते, दुसऱ्या खोलीची चालत नाही. आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस, आवाजाचा भुगा होऊ शकतो. दोन ठिकाणी ठेव, त्यातली एक घराबाहेर.

आता सालाचा घोळ.

फार वर्षांपूर्वी मी एका आजीबाईंचं रेकॉर्डिंग करत होतो. त्या रंगात आल्या होत्या, म्हणाल्या, ‘जपानची लढाई झाली त्या साली.’ मी शहाणा, मध्येच म्हणालो, ‘म्हणजे १९४२?’ त्या थांबल्या. ‘असंल,’ म्हणाल्या. त्यानंतरचा अर्धा तास त्या शाळेतल्या मुलीसारखं एकेका शब्दात उत्तर देत राहिल्या. त्या टेपमधलं मला काहीही वापरता आलं नाही. मध्ये टोकायचं नाही, हे मी तिथे शिकलो.

पण तुझा प्रश्न पुढचा आहे. टोकलं नाही, आता त्या चुकीचं करायचं काय? इटलीत तेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव आहे. तिथे लुइजी त्रास्तुल्ली नावाचा एक तरुण कामगार १९४९ साली नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी त्या गावातल्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या, तेव्हा किती तरी जणांनी तो मृत्यू १९५३ मध्ये, मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या रस्त्यावरच्या लढाईत नेऊन ठेवलेला होता. चार वर्षांची चूक, आणि अनेकांची एकच. पोर्तेल्लींनी ती खोडली नाही, तिचा माग काढला. आपला माणूस एका छोट्याशा मोर्चात असाच मेला, हे गावाला पचत नव्हतं. ज्या दिवशी सगळ्यांचं सगळं गेलं, त्या दिवसाशी त्यांनी त्याला जोडून टाकलं.

तुझ्या आजोबांची मिल १९८४ मध्ये बंद झाली. त्यांच्यापुरती झाली. का, ते विचार. त्या साली बदली कामगारांची, म्हणजे कोणी गैरहजर असेल तर ज्यांना काम मिळे त्यांची, नावं कमी झाली का? त्यांचं खातं आधी बंद झालं का? कोणी सोबती गेला का? की काहीच नाही, फक्त त्या हिवाळ्यात सगळं जग पालटल्यासारखं वाटलं? तू स्वतः मात्र खरी तारीख शोधून ठेव. विदर्भ अभिलेखागारात जा, जुन्या ‘तरुण भारत’ आणि ‘हितवाद’च्या फायली काढ, १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियरही चाळ. त्यात तुझे आजोबा नसतील, पण त्यांच्या आजोबांचं नागपूर आहे. मग रूपकात आधी आजोबांचं साल येऊ दे, त्यानंतर तुझं एक कोरडं वाक्य : कागदावर मिल अमुक साली बंद झाली. आणि पुढे आजोबांना काय आठवतं ते. ऐकणाऱ्याला दोन्ही मिळू देत. ‘परंतु आजोबांची स्मृती येथे दगा देते’ हे तुझं वाक्य काढ. आजोबा रेडिओवर हे ऐकतील तेव्हा त्यांना कसं वाटेल?

हीच गोष्ट मोठ्या बाबांची. ते खलनायक नाहीत. ज्या घरात दारू आली त्या घरात ते १५-१६ वर्षांचे असतील, तू जन्मली नव्हतीस. आजोबांनी सांगितलं, पण ते त्यांनी नातीला सांगितलं, की रेडिओला? समोरच्या मशीनचा दिवा लाल होता म्हणून माणसाने सगळ्या गावाला परवानगी दिली असं होत नाही. तो भाग आजोबांना एकट्याला परत ऐकव, आणि ‘हे प्रसारित होणार आहे, वर्मांची काकू आणि नाक्यावरचा पानवाला ऐकणार आहे’ असं नावं घेऊन विचार. हो म्हणाले, तर मोठ्या बाबांना बसवून ऐकव. आणि दागिने आजीचे गेले. तिला कोणी विचारलं?

मला विचारशील तर दारूचा प्रसंग सविस्तर नको, दागिन्यांचा हवा. दारूची गोष्ट ऐकली की श्रोता ‘हं, असंच होतं’ म्हणून मोकळा होतो. पाटल्या कोणत्या सराफाकडे, कोणत्या क्रमाने गेल्या, शेवटी काय उरलं, हे आजीने सांगितलं तर घराची अब्रूही राहते आणि मिल बंद होणं म्हणजे काय तेही कळतं. पाचव्या सोबत्याने एका मुकादमाचं नाव घेऊन पैसे खाल्ल्याचं सांगितलंय, ते मात्र सरळ काढ. पुरावा नाही, तो माणूस बाजू मांडायला समोर नाही, आणि त्याचीही नातवंडं याच शहरात असतील.

प्रसारणाचं थोडक्यात. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून आहे, रूपक हा तिथला जुना प्रकार आहे. एका पानाचा गोषवारा आणि चांगली तीन मिनिटं घेऊन जा, पूर्ण संहिता घेऊन नको. सामुदायिक रेडिओ हा दुसरा रस्ता. २००२ मध्ये तो शिक्षणसंस्थांना खुला झाला, २००६ पासून सामाजिक संस्थांनाही. पॉडकास्ट तर कोणालाही करता येतो. फक्त आजोबा जे सिनेमाचं गाणं गुणगुणतात त्याखाली तू मूळ रेकॉर्ड सुरू केली आहेस, ती काढ. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, आणि शब्द नि चाल यांचा तर गीतकार-संगीतकार गेल्यानंतरही ६० वर्षं. आजोबांचा बेसूर आवाजच जास्त गोड आहे, तरी गाण्याची ओळ असेल तर तीही दोन सेकंदांत आवरती घे.

आता येत्या आठवड्यातलं काम. पहाटे पाचला आजीच्या स्वयंपाकघरात जा. तिला खुर्चीवर बसवून मुलाखत घेऊ नकोस, ती लाजेल आणि ‘मले काय मालूम’ म्हणेल. तिला चहा टाकू दे, भांडी वाजू देत, तू ओट्याजवळ उभी राहा. कूलर बंद. आजोबा झोपलेले असतील, असू देत. एवढंच विचार, की भोंगा वाजला नाही त्या पहिल्या दिवशी तुला जाग कशाने आली? मग गप्प बस. ती लगेच बोलणार नाही. दूध वर येईपर्यंत थांब, मशीन चालू ठेव.